रेतीच्या खाणीखालचे पाणी : इंधनाचा शोध कसा घेतात?



बडोदे शहराच्या बऱ्याच भागात नळाला येणारे पाणी महीच्या पात्रातील रेतीतून गाळून आलेले असते. फाजलपूर, रायका, दोडका आणि पोइचा येथे नदीच्या पात्रात ज्या मोठ्या विहिरी आहेत, त्यांना आपण 'फ्रेंच वेल' म्हणतो. मध्ये काँक्रीटची खोल, रुंद विहीर आणि तिच्या तळाकडून रेतीच्या थरात चहूबाजूंना आडव्या गेलेल्या जाळीदार नळ्या, अशी त्यांची रचना असते. नदीचे पाणी रेतीतून झिरपत या नळ्यांत येते. वाटेत रेती त्यातील गाळ अडवून धरते, म्हणून पाणी नितळ मिळते.

मात्र गाळ अडवणारी रेती पाण्यात विरघळलेले इंधन अडवू शकत नाही. ज्या थरातून पाणी सहज वाहते त्याच थरातून दूषित पाणीही तितक्याच सहज वाहते. जगात सर्वत्र रस्ते आणि इमारतींसाठी रेती, गोटे, मुरूम हे याच प्रकारच्या थरांतून खणून काढतात. खणायला यंत्रे लागतात आणि यंत्रांना डिझेल लागते. म्हणून अशा खाणीखालच्या पाण्यात इंधन उतरले आहे की नाही, हे तपासत राहण्याचे एक शास्त्र तयार झाले आहे. या लेखात ते समजून घेऊ.

खाणीत धोका का वाढतो?

पावसाचे पाणी जमिनीत मुरते, दगडगोट्यांच्या फटी भरते आणि एका पातळीपासून खाली सगळ्या फटी पाण्याने भरलेल्या असतात. या पातळीला भूजल पातळी म्हणतात, आणि पाणी साठवणाऱ्या व वाहू देणाऱ्या थराला जलधर म्हणतात. जलधराच्या वर सहसा माती असते. मातीचे कण बारीक असतात, त्यांत सेंद्रिय द्रव्य असते, जीवाणू असतात. जमिनीवर सांडलेल्या तेलाचा काही भाग ही माती धरून ठेवते, काही भाग त्यातील जीवाणू खाऊन टाकतात.

खाण सुरू करताना पहिले काम असते ते हीच माती काढून बाजूला करण्याचे. त्यानंतर जसजसे खणावे तसतसे खाणीचा तळ आणि भूजल पातळी यांतील अंतर कमी होते. एरवी ८-१० मीटर खोल असलेले पाणी खाणीच्या तळाखाली हातभर अंतरावर येते. काही खाणींत तर तळे साचते. ते तळे म्हणजे उघडे पडलेले भूजलच असते. अशा जागी खोदयंत्र, लोडर, डंपर, खडी फोडण्याचे यंत्र आणि जनरेटर दिवसभर चालतात. डिझेल भरताना सांडणे, पिंप उलटणे, हायड्रॉलिक तेलाची नळी फुटणे, यंत्रे धुतलेले पाणी तसेच सोडून देणे या नेहमी घडणाऱ्या गोष्टी आहेत. खाण बंद झाल्यावर त्याच खड्ड्यात कचरा आणि जुने तेल टाकले गेले, तर धोका पुढे चालू राहतो.

सांडलेले इंधन खाली कसे जाते?

डिझेल पाण्यापेक्षा हलके असते. एक लिटर डिझेलचे वजन साधारण ८३० ग्रॅम भरते. सांडलेले डिझेल गुरुत्वाने खाली उतरते. उतरताना प्रत्येक खड्याला थोडे थोडे चिकटत जाते. सांडलेले इंधन थोडे असेल तर ते वाटेतच संपते. जास्त असेल तर भूजल पातळीपर्यंत पोहोचते आणि तेथे पाण्यावर तरंगत पसरते.

पावसाळ्यात पातळी वर येते तेव्हा हा तेलाचा थरही वर उचलला जातो, उन्हाळ्यात खाली जातो. त्यामुळे मधले सारे खडे तेलाने माखतात. हे माखलेले तेल पंपाने ओढून काढता येत नाही. ते तेथेच राहते, आणि त्याला स्पर्श करून जाणाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षे थोडे थोडे विरघळत राहते. हे विरघळलेले द्रव्य पाण्याच्या वाहण्याच्या दिशेने पुढे सरकते. भोवतालच्या विहिरींना खरा धोका त्याचाच असतो.

इंधन हे एकच द्रव्य नसून शेकडो द्रव्यांचे मिश्रण आहे. पेट्रोलमधील बेन्झीन, टोल्युइन, एथिलबेन्झीन आणि झायलीन ही चार द्रव्ये पाण्यात त्यातल्या त्यात जास्त विरघळतात. यांपैकी बेन्झीन सर्वांत घातक आहे. त्याने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, हे सिद्ध झाले आहे. डिझेलमध्ये बेन्झीन फार कमी असते, पण नॅफ्थॅलीनसारखी इतर द्रव्ये असतात आणि थोड्याशा डिझेलनेही पाण्याला वास येतो. म्हणून डिझेलची शंका असेल तेथे पाण्यातील एकूण पेट्रोलियम द्रव्ये आणि नॅफ्थॅलीनच्या जातीची द्रव्ये मोजतात, आणि पेट्रोलची शंका असेल तेथे वरील चार द्रव्ये मोजतात.

किती इंधनाने किती पाणी बिघडते, याचा हिशेब करून पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार एक लिटर पिण्याच्या पाण्यात १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त बेन्झीन असू नये. अमेरिकेतील मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे. एक ग्रॅम म्हणजे १० लाख मायक्रोग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम बेन्झीन १ लाख लिटर पाण्याला १० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेपर्यंत नेते. आपल्या देशात पेट्रोलमध्ये बेन्झीनचे प्रमाण जास्तीत जास्त १ टक्का असावे असा नियम आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये १० मिलिलिटर, म्हणजे साधारण ८.८ ग्रॅम बेन्झीन धरले, तर एका लिटर पेट्रोलमधील बेन्झीन जवळजवळ ८ लाख ८० हजार लिटर पाण्याला मर्यादेपर्यंत पोहोचवू शकते. प्रत्यक्षात सगळे बेन्झीन पाण्यात जात नाही, बरेचसे हवेत उडून जाते. तरीही बाटलीभर इंधनाकडे दुर्लक्ष का करू नये, ते या हिशेबावरून कळते.

निरीक्षण विहिरी कोठे खणायच्या?

जमिनीखालचे पाणी डोळ्यांनी दिसत नाही. ते तपासण्यासाठी अरुंद नळीच्या विहिरी घेतात. त्यांना निरीक्षण विहिरी म्हणतात. त्या कोठे घ्यायच्या हे ठरवण्यासाठी आधी पाणी कोणत्या दिशेने वाहते ते कळले पाहिजे. त्यासाठी एका रेषेत नसलेल्या निदान तीन विहिरी लागतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

अ विहीर : तोंडाची उंची ४२.६० मीटर, पाणी ८.२० मीटर खोल
ब विहीर : तोंडाची उंची ४०.१० मीटर, पाणी ६.०० मीटर खोल
क विहीर : तोंडाची उंची ४१.३० मीटर, पाणी ७.४० मीटर खोल

नुसती खोली पाहिली तर ब मध्ये पाणी सर्वांत वर आहे असे वाटेल. पण वजाबाकी करा. अ मधील पाण्याची पातळी ३४.४० मीटर, ब मधील ३४.१० आणि क मधील ३३.९० मीटर येते. म्हणजे जेथे पाणी सर्वांत खोल लागते त्या अ विहिरीचीच पातळी सर्वांत उंच आहे आणि पाणी अ कडून क च्या बाजूला वाहत आहे. विहिरीच्या तोंडाची उंची मोजल्याशिवाय दिशा कळत नाही, ती यामुळे.

दिशा कळली की निदान एक विहीर वरच्या अंगाला ठेवतात. खाणीत शिरण्यापूर्वी पाणी कसे होते, ते ती सांगते. दोन-तीन विहिरी खालच्या अंगाला, डिझेलची टाकी आणि यंत्रांच्या तळाजवळ घेतात. खाणीच्या आणि गावाच्या विहिरीच्या मध्येही एक असावी. वरच्या अंगाच्या विहिरीत इंधन नाही आणि खालच्या अंगाला आहे, असे दिसले तर ते खाणीतून आले असे म्हणता येते. दोन्हींकडे असेल तर त्याचे मूळ दुसरीकडे शोधावे लागते. या व्यवस्थेने गावाला न्याय मिळतो आणि खाणमालकावरही खोटा आळ येत नाही.

आणखी एक बारकावा आहे. तेल पाण्यावर तरंगते, म्हणून निरीक्षण विहिरीची जाळीदार नळी भूजल पातळीच्या थोडी वर आणि थोडी खाली अशी असावी लागते. ६० मीटर खोल कूपनलिकेचा वरचा भाग बंद नळीचा असेल, तर वर तरंगणारे तेल तिच्यात येणारच नाही. अशा कूपनलिकेचे पाणी तपासून 'येथे तेल नाही' असा दाखला देणे चुकीचे ठरते.

किती दिवसांनी तपासायचे?

वरच्या उदाहरणात अ आणि क यांतील अंतर १२५ मीटर धरू. पातळीत फरक ०.५० मीटर आहे. म्हणजे उतार ०.००४ झाला. रेती-गोट्यांच्या थराची पाणी वाहू देण्याची क्षमता दिवसाला ५० मीटर आणि त्यातील फटींचे प्रमाण ०.२५ धरले, तर पाण्याचा वेग असा निघतो : ५० × ०.००४ ÷ ०.२५ = दिवसाला ०.८ मीटर.

आता समजा, डिझेल सांडले तेथून निरीक्षण विहीर ३० मीटरवर आणि गावाची विहीर २४० मीटरवर आहे. पाणी निरीक्षण विहिरीपर्यंत सुमारे ३८ दिवसांत आणि गावाच्या विहिरीपर्यंत ३०० दिवसांत पोहोचेल. वर्षातून एकदाच तपासणी होत असेल आणि ती नेमकी अडतिसाव्या दिवसाच्या आधी होऊन गेली असेल, तर पुढची तपासणी चारशेव्या दिवसाच्या आसपास होईल. तोपर्यंत गावकरी शंभर दिवस ते पाणी पीत असतील. तीच तपासणी दर तीन महिन्यांनी असेल, तर फार तर १२८ व्या दिवशी कळेल आणि उपाय करायला साडेपाच महिने हाताशी राहतील. विरघळलेले इंधन खड्यांना चिकटत जाते, म्हणून ते पाण्यापेक्षा सावकाश सरकते. तरी काळजी घेताना वाईटात वाईट शक्यता धरूनच दिवस मोजावेत.

आपल्या देशात केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. पावसाळ्याआधी, पावसाळ्यात, पावसाळ्यानंतर आणि जानेवारीत अशी ही मोजणी होते. खाणीच्या तपासणीलाही हेच वेळापत्रक सोयीचे पडते. खाण सुरू होण्यापूर्वी सर्व विहिरींची एक नोंद घेतलीच पाहिजे. ती नसेल तर पुढे सापडलेले इंधन आधीपासून होते की नंतर आले, यावर वर्षानुवर्षे वाद चालतो.

नमुना घेण्याची रीत

प्रथम पातळी मोजतात. मग पारदर्शक नळीने वरचे पाणी काढून त्यावर तेलाचा थर आहे का ते पाहतात. नळीत बरेच दिवस साचलेले पाणी खरे भूजल नसते, म्हणून ते आधी उपसून टाकतात. उपसताना पाण्याचे तापमान, आम्लता, विद्युतवाहकता आणि विरघळलेला प्राणवायू मोजत राहतात. हे आकडे स्थिर झाले की जलधरातील ताजे पाणी येऊ लागले असे समजतात.

नमुना काचेच्या लहान बाटलीत काठोकाठ भरतात. आत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये, कारण बेन्झीन त्या बुडबुड्यात उडून जाते आणि पाणी खोटेच स्वच्छ दिसते. जीवाणूंनी वाटेत इंधन खाऊ नये म्हणून थोडे आम्ल घालतात आणि बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवतात. पेटीत शुद्ध पाण्याची एक बंद बाटलीही नेतात. परत आल्यावर त्या बाटलीतही इंधन निघाले, तर ते वाटेत, गाडीतल्या डिझेलच्या वाफेने शिरले असे कळते. प्रत्येक बाटलीवर विहीर, तारीख आणि वेळ लिहितात आणि ती कोणाच्या हातून कोणाकडे गेली याची सही घेतात.

प्रयोगशाळेचा एकच आकडा पाहून घाबरू नये, तसेच निश्चिंतही होऊ नये. एकाच विहिरीचे लागोपाठचे आकडे आलेखावर मांडून ते वाढत आहेत की घटत आहेत ते पाहावे. भूजल पातळीचा आलेख त्याच कागदावर काढावा. कारण पावसाळ्यानंतर पातळी वर आली की वरच्या माखलेल्या खड्यांतील तेल पुन्हा विरघळून आकडा वाढू शकतो.

बेमिजीचा अनुभव

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात बेमिजी नावाचे गाव आहे. त्याच्या जवळ २० ऑगस्ट १९७९ रोजी खनिज तेलाची एक वाहिनी फुटली आणि सुमारे १७ लाख लिटर तेल सांडले. तेथील जमीन हिमनद्यांनी आणून टाकलेल्या रेती-गोट्यांची आहे. पंप लावून, माती खणून आणि काही तेल जाळून बरेचसे काढले, तरी सुमारे ४ लाख लिटर जमिनीत राहिले. १९८३ पासून अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने ही जागा अभ्यासासाठी घेतली. तेव्हापासून तेथील विहिरींचे पाणी तपासण्याचे काम दशकानुदशके चालले आहे.

तेथे आढळले ते असे. १९९६ मध्ये, म्हणजे १७ वर्षांनी, पातळीवर तरंगणारे तेल सुमारे ४० मीटर पुढे सरकले होते आणि विरघळलेले द्रव्य सुमारे २०० मीटरपर्यंत गेले होते. काहीच अडथळा नसता तर ते सुमारे ५०० मीटर गेले असते. अडथळा केला तो जमिनीतील जीवाणूंनी. ते इंधन खातात. आधी पाण्यातील प्राणवायू वापरतात, तो संपला की खड्यांवरील लोहाच्या गंजाचा उपयोग करतात, आणि शेवटी मिथेन वायू तयार करतात. या शोधामुळे जगभर निसर्गाच्या स्वतःच्या शुद्धीकरणाकडे गंभीरपणे पाहिले जाऊ लागले.

पण या शुद्धीकरणाची दुसरी बाजूही याच जागी दिसली. लोहाचा गंज विरघळला की त्याला चिकटलेले नैसर्गिक आर्सेनिकही सुटते. बेमिजीच्या दूषित पाण्यात आर्सेनिक एका लिटरला २३० मायक्रोग्रॅमपर्यंत आढळले. पिण्याच्या पाण्यातील मर्यादा १० आहे. सांडलेल्या तेलात हे आर्सेनिक नव्हते, ते तेथल्याच खड्यांतून आले. म्हणून आज जाणकार इंधनाबरोबर प्राणवायू, लोह आणि आर्सेनिकही तपासावे असे सांगतात.

वेळेवर लक्ष न गेल्यास काय होते, त्याचे उदाहरण कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराचे आहे. तेथे पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे एमटीबीई नावाचे द्रव्य विहिरींत उतरल्याचे दिसले आणि १९९६ मध्ये शहराला जवळजवळ निम्म्या पाणीपुरवठ्याला मुकावे लागले.

आपण काय करू शकतो?

आपल्यापैकी अनेकांची मूळ गावे महाराष्ट्रात आहेत. तेथे बहुतेक ठिकाणी काळा पाषाण आहे. त्यात पाणी रेतीतल्यासारखे सारखे पसरून वाहत नाही, भेगांतून वाहते. जवळची विहीर चांगली आणि दूरची बिघडलेली, असे तेथे होऊ शकते. म्हणून अशा गावी दगडखाणीभोवतीच्या प्रत्येक वापरातल्या विहिरीची तपासणी व्हावी.

पालक व विश्वस्तांनी एक नियम लक्षात ठेवावा. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार ज्या खाणीला पर्यावरण मंजुरी मिळालेली असते, तिने मंजुरीतील अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो आणि तो अहवाल कोणत्याही नागरिकाला पाहता येतो. २७ फेब्रुवारी २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान खाणींनाही ही मंजुरी आवश्यक ठरवली. आपल्या गावाजवळच्या खाणीच्या अहवालात निरीक्षण विहिरी किती, त्या कोणत्या अंगाला आणि तपासणी कितीदा होते, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो.

शाळा, मंगल कार्यालय, सोसायटी येथे जनरेटर आणि कूपनलिका अनेकदा शेजारी असतात. डिझेलची टाकी पक्क्या फरशीवर असावी आणि तिच्याभोवती टाकीतील सगळे डिझेल मावून वर थोडी जागा राहील एवढा बांध असावा. डिझेल भरताना खाली परात ठेवावी. सांडलेच तर पाणी ओतून धुऊ नये, भुसा किंवा कोरडी रेती टाकून ती उचलून घ्यावी. कूपनलिकेच्या तोंडाभोवतीचा ओटा फुटलेला नसावा.

पाण्याला रॉकेल-पेट्रोलसारखा वास आला तर ते पिणे व स्वयंपाकाला वापरणे ताबडतोब थांबवावे. ते उकळू नये, कारण वाफेबरोबर बेन्झीन घरातील हवेत येते. कँडल फिल्टर किंवा अतिनील किरणांचे यंत्र हे द्रव्य काढत नाही. विहिरीजवळ काडी पेटवू नये. महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवावे आणि अर्जाची पोच घ्यावी.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग. काचेच्या बरणीत धुतलेले खडे आणि रेती भरा. बाजूने एक नळी तळापर्यंत सोडा. नळीतून पाणी घालून बरणी अर्धी भरा. वरून दोन चमचे शेंगतेल ओता. मग नळीतूनच पाणी घालून पातळी वर न्या, ओढून खाली आणा. असे पाच वेळा करा आणि तेल कोठे कोठे चिकटले ते बाहेरून पाहून वहीत आकृती काढा. शेवटी जेवढे तेल परत काढता येईल तेवढे काढा आणि किती चमचे हाती लागले ते मोजा. खरे इंधन या प्रयोगाला मुळीच वापरू नका. वरच्या अ, ब, क विहिरींचे गणितही वहीत सोडवा, आणि क च्या तोंडाची उंची ४१.३० ऐवजी ४१.९० मीटर असती तर पाणी कोणत्या बाजूला वाहिले असते, ते विज्ञानाच्या तासाला आपल्या शिक्षकांना सांगा.